दृष्टीचं सामान

लाल मिरची आमच्या दुकानात कधी विकली गेली नाही. ती किराणा दुकानदाराची वस्तू. आमचं दुकान काष्ठौषधीचं, साताऱ्यातलं, मामंजींच्या वडिलांनी घातलेलं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर शाईनं लिहिलेली चिठ्ठी, वरच्या फळीवर पत्र्याचे डबे आणि गल्ल्याशेजारी पितळी तागडी. गिऱ्हाईक येऊन "दृष्टीचं सामान द्या" म्हणालं की मामंजी मोहरी, तुरटी, वेखंडाचा तुकडा, राळ आणि कुणाला हवा असेल तर बिब्बा, अशा पुड्या बांधत आणि शेवटी सांगत, "मीठ-मिरची घरची घ्या."

मामंजी गेले आणि गल्ल्यावर मी बसू लागले. दुपारी दुकान रिकामं असे. त्यांच्या फडताळात चरक-सुश्रुतांची मराठी भाषांतरं होती, ती वाचायला घेतली. आयुर्वेदाच्या त्या मूळ ग्रंथांत मिरची नाही. म्हणून काष्ठौषधीच्या खणात ती नाही. आणि तरीही दृष्ट काढायची म्हटलं की साताऱ्यातल्या कुठल्याही बाईच्या मनात पहिली येते ती मिरचीच. ही आली कुठून, तिच्याआधी काय होतं, आणि या सगळ्या वस्तूंना हा मान कशामुळे मिळाला, हे मी तेव्हापासून शोधत आले आहे.

आधी वेखंडाबद्दल लिहिते, कारण आमच्या दुकानाचा अर्धा वास त्याचा. पाणथळ जागी वाढणाऱ्या झाडाचं हे मूळ. अंगठ्याएवढं जाड, गाठीगाठींचं, अंगावर तंतू राहिलेले. मोडलं की आतून गुलाबीसर पांढरं. एकच तुकडा घरी जाई आणि त्याची तीन कामं होत. सहाणेवर एक-दोन वेढे उगाळून बाळाच्या गुटीत. पूड करून न्हाऊ घातल्यावर टाळूवर आणि अंगावर. उरलेला तुकडा भोक पाडून, काळ्या दोऱ्यात ओवून मनगटाला किंवा पाळण्याला. यातलं औषध कुठलं आणि राखण कुठली, हे मी एकदा मामंजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाळाला काय ठाऊक, सर्दीनं धरलंय का कुणाच्या नजरेनं? आपण दोन्हीकडून बंदोबस्त करायचा." बाळंतिणीच्या सामानाची यादी आणि दृष्टीच्या सामानाची यादी शेजारी शेजारी ठेवली तर निम्मी नावं तीच निघतात. वेखंड, मोहरी, हिंग, लसूण, ओवा, राळ. वेखंडाला चौथं काम होतं ते पोथ्यांच्या रुमालात बसायचं, कसर लागू नये म्हणून. किडीला नकोसा वाटणारा तोच उग्र वास बाळाच्या उशाशी पहाऱ्याला ठेवलेला असे.

आता बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला गुटी देऊ नका म्हणतात, आणि ते बरोबर आहे. भारतीय वेखंडात बीटा-असारोन नावाचं अपायकारक द्रव्य बरंच असतं. अमेरिकेनं 1968 सालीच वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. गुटीसाठी वेखंड मागायला येणाऱ्या आजीला मी हे समजावून सांगते. काही ऐकतात.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या खोलीची राखण कशी करावी याचं वर्णन आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक हातात घेऊन उठले आणि एकेक खण उघडून पाहिला. खोलीभोवती खैर, बोर अशा झाडांच्या फांद्या लावायच्या. आत सगळीकडे मोहरी, जवस आणि तांदळाच्या कण्या विखरायच्या. दारात उंबऱ्यालगत आडवं मुसळ ठेवायचं. वेखंड, कोष्ठ, हिंग, मोहरी, जवस, लसूण यांची पुरचुंडी बांधून दाराच्या वरच्या चौकटीला अडकवायची, आणि तशीच बाळंतिणीच्या आणि बाळाच्या गळ्यात. या वस्तूंना तिथं रक्षोघ्न म्हटलं आहे, राक्षसांना मारणाऱ्या. ग्रंथ जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या पहिल्या बाळंतपणात खोलीच्या दाराला जी पुरचुंडी लावली होती तीत वेखंड, हिंग, लसूण आणि मोहरी होती. आत्याबाईंनी चरक वाचला नव्हता, त्यांच्या आईनंही नाही. उलट मला असं वाटतं की चरकाचा ग्रंथ ज्यांनी सिद्ध केला त्यांनीच हे सुइणींकडून आणि म्हाताऱ्या बायांकडून घेतलं असावं. त्याच प्रकरणात अनुभवी बायकांना आणि अथर्ववेद जाणणाऱ्या ब्राह्मणाला खोलीपाशी बसवलेलं आहे. वैद्य तिथं एकटा नाही.

सुश्रुताकडे तर याहून नेमकी गोष्ट आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या जखमेला धुरी द्यायची ती मोहरी, कडुनिंबाचा पाला, तूप आणि मीठ यांची. दिवसातून दोनदा, दहा रात्री, न कंटाळता. मीठ, मोहरी आणि कडुनिंब! आपल्याकडे दृष्ट काढण्याची जुनी रीत लिंबलोणाची, म्हणजे कडुनिंबाचा पाला आणि मीठ ओवाळून टाकायची. मोहरी तिच्या जोडीला असेच. शस्त्रवैद्याची धुरी आणि आजीची ओवाळणी एकाच पाटातली निघाली. उघड्या जखमेवर बसायला येणारं जे काही अदृश्य आहे त्याला हाकलायचं, एवढंच दोघांना ठाऊक होतं. त्याला सुश्रुतानं निशाचर म्हटलं, आजीनं बाहेरचं म्हटलं.

आणि भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. पाचवीची आणि सटवाईची रात्र बाया जागून काढत. पाट्यावर सटवाई मांडून, कणकेचे दिवे लावून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून, बाळाच्या उशाशी विळा ठेवून. याच रात्री का? नवजात बाळाला होणारा धनुर्वात जन्मानंतर तीन दिवसांपासून पुढं दिसायला लागतो आणि आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक तोंड मिटून घेतं, चोखत नाही, मग ताठरतं. ज्यांनी हे पाहिलं त्यांना कुणीतरी येऊन बाळाला धरलं याखेरीज दुसरं काय वाटणार होतं? नाळ कापली जाई ती बहुतेक घरातल्या विळ्यानं, आणि धनुर्वाताचे जंतू मातीशेणातून त्या पात्यावर. राखणीला उशाशी ठेवलेलं लोखंडही तेच. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण आमच्या आजीची, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची, दोन मुलं सटवाईच्या आगेमागेच गेली होती. त्यांनी वेखंड, मोहरी, हिंग, लसूण, विळा, सगळं केलं होतं. धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पातं गावोगाव पोचलं तेव्हा ही रात्र निर्धोक झाली. माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर व्हायला 2015 साल उजाडलं.

या आजीच दृष्ट काढत, आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांची. तिन्हीसांजेला बाया पोरं घेऊन येत. "पोरगं दूध प्यायना, आजी. सारखं किरकिर करतंय." आजी पोराला पूर्वेला तोंड करून आईच्या मांडीवर बसवायच्या. दोन्ही मुठींत खडे मीठ, मोहरी, देठासकट मिरच्या, त्याही विषम, केरसुणीचे दोन हीर आणि तिकाटण्यावरची चिमूटभर माती. डोक्यापासून पायापर्यंत मुठी उतरवताना त्या हलक्या आवाजात नजरांची नावं घ्यायच्या: शेजारणीची, वाटसराची, पाहुण्याची, जित्याची, मेल्याची. त्या यादीत आईची नजरही असे. आपल्याच लेकराकडे आई फार कौतुकानं बघते, तीही लागते, असं त्या म्हणत, आणि ते ऐकताना मांडीवर पोर घेतलेली आई खाली बघायची. मग कुणाशी न बोलता चुलीपाशी जाऊन मुठी विस्तवावर.

तिथं जे होई ते मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. आधी खडे मीठ तडतडायचं. खड्याच्या पोटात अडकलेलं पाणी तापून फुटतं. पाठोपाठ मोहरी. मग मिरच्या काळ्या पडायच्या आणि धूर. घरातले सगळे खोकत अंगणात आले की आजींचं समाधान व्हायचं: दृष्ट नव्हती फारशी. ठसका आलाच नाही तर मात्र मोठी दृष्ट होती, मिरचीनं ती गिळली. मिरची धगधगत्या जाळात पडून लगेच पेटली तर धूर थोडा, मंद निखाऱ्यावर करपली तर घर डोक्यावर घेते, हे चुलीपाशी जन्म काढलेल्या आजींना कळत नसेल असं मी मानत नाही. पण त्या वेळी त्या स्वयंपाक करत नसत. तुरटी टाकली तर वेगळाच देखावा. तुरटी वितळते, बुडबुडते, आतलं पाणी वाफ होऊन जातं आणि पांढरा, पोकळ, फुगलेला गोळा उरतो. त्यात बाया डोळा शोधत, कधी एखाद्या बाईचा चेहरा. कानाला मीठ-मोहरी, नाकाला मिरची, डोळ्याला तुरटी. जी गोष्ट दिसत नाही ती गेली याची खूण एकेका इंद्रियाला मिळे, आणि आई घरी जाऊन झोपू शके. माझ्या मते या सामानाची निवड याच कसोटीवर झाली आहे. गोड, गुळमट, बिनवासाची वस्तू दृष्टीला कुणी वापरत नाही. तडतडणारी, झोंबणारी, कडू, आंबट, उग्र, अंग भाजणारी अशीच लागते.

आता मिरची. तिचं मूळ घर मेक्सिकोच्या बाजूचं. कोलंबस 1492 साली पलीकडच्या बेटांवर पोचण्याआधी आपल्याकडे ती कुणी पाहिलेलीच नव्हती. वास्को द गामा 1498 साली कालिकतला आला, पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांबरोबर मिरची या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी, सुंठ आणि मोहरीतून यायचा. मिरी महाग, मलबारची. मिरची परसात, कुठल्याही जमिनीत, एका हंगामात येते. गरिबाच्या भाकरीवर ती बसली ती यामुळे, आणि गरिबाच्या मुठीतही याचमुळे गेली असणार. कडुनिंबाचा पाला कडू असतो, पण जाळला तर घर खोकत नाही. मिरची विस्तवावर पडल्याबरोबर साऱ्या आळीला कळते. कसोटीला ती जुन्या सगळ्यांपेक्षा जास्त उतरली. लिंबलोणातला पाला मागे पडला आणि मीठ-मोहरीच्या शेजारी मिरची येऊन बसली, इतकी घट्ट की आता ती नंतर आली हे सांगूनही पटत नाही.

गोव्यात माझी नणंद दिली आहे. तिच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बाई नातवाची दीष्ट काढतात ती मीठ, सुक्या मिरच्या आणि तुरटी घेऊन, प्रार्थना म्हणत. धर्म बदलला, गाऱ्हाण्यातली नावं बदलली, मूठ तीच राहिली. ज्या राजवटीनं गोव्यात 1560 साली धर्मसमीक्षण सभा बसवली, 1736 च्या हुकूमनाम्यात अंगणात तुळस ठेवायलासुद्धा मनाई केली, त्याच राजवटीच्या जहाजांनी आणलेली मिरची त्या सगळ्याला पुरून उरलेल्या विधीत आहे. तुळस उपटता आली. चुलीपुढची मूठ कुणाला दिसत नव्हती. गोव्यातच 1563 साली गार्सिया द ओर्तानं हिंदुस्थानातल्या औषधींवर संवादरूपानं लिहिलेलं पुस्तक छापलं. त्यात बिब्ब्यावर प्रकरण आहे, वेखंडावर आहे, हिंगावर आहे. आमच्या खणांतला माल तिथं पानोपानी भेटतो. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. मेल्यानंतर बारा वर्षांनी, 1580 साली, त्याच सभेनं त्याची हाडं उकरून जाळली.

आपल्याकडच्या रीती कुणी नीट लिहून ठेवल्या का, तर हो, आणि त्यामागंही एक विलक्षण कथा आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकरीतींची माहिती जमवत होता. प्रश्न काढून ते खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडे पाठवले जात आणि मास्तर उत्तरं लिहून पाठवत: भूत कशाला भितं, दृष्ट कशानं उतरते, सटवाई कशी पुजतात. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याच्या कागदांवरून एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्यानं गुजरातचा भाग 1914 साली आणि कोकणचा 1915 साली छापला. त्यातल्या तळटीपा मला मजकुरापेक्षा जास्त आवडतात. शाळामास्तर, अमुक गाव, कुलाबा जिल्हा. शाळामास्तर, तमुक गाव, रत्नागिरी. नाव नाही, नुसतं गाव. त्या मास्तरांनी बहुधा घरी जाऊन आईला किंवा बायकोला विचारलं असेल, कारण हे ज्ञान त्यांचं नव्हे. तिचं तर गावही छापलं गेलं नाही.

बिब्ब्याचा डबा मामंजी सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवत आणि उघडण्याआधी हाताला खोबरेल चोळत. काळं, गुळगुळीत, चपटं फळ, बदामासारखं. टरफलाच्या आत काळं तेल असतं आणि ते कातडीला लागलं की फोड येतात. बिब्बा उतला म्हणतात त्याला. ज्याच्या अंगाला तो मानवत नाही त्याचं तोंड सुजून डोळे मिटतात. परीट याच तेलात चुना मिसळून कपड्यांवर खुणा करत; ती खूण कापड फाटेपर्यंत धुतली जात नसे. जो रस कापडावर कायमचा बसतो आणि कातडीला चावतो, त्याला पहारेकरी नेमलं यात मला नवल वाटत नाही. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरच्यांबरोबर तो ओवतात, कोळशाचा तुकडा जोडीला. बैलाच्या गळ्यात, व्यालेल्या म्हशीच्या दोऱ्यात, नव्या गाडीला. चांगलं चाललेलं काम कुणी मोडलं की त्यानं बिब्बा घातला असं आपण म्हणतो. पण याच फळाच्या पोटात गोडंबी असते, बाळंतिणीच्या लाडवात घालायची, चवीला बदामाच्या तोडीची. विदर्भ-मराठवाड्यात बाया दगडावर बिब्बे फोडून ती काढतात. त्यांचे हात मी पाहिले आहेत: बोटं काळी, कातडी सोललेली, कोपरापर्यंत डाग. लाडू खाणाऱ्याला ते हात दिसत नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते.

दिसण्यावरून मान मिळालेल्या वस्तूही आहेत. मुरडशेंग पिळलेल्या दोरीसारखी दिसते म्हणून पोटातल्या मुरड्यावर. कोहळा माणसाच्या धडाएवढा म्हणून दसऱ्याच्या सुमारास कुंकू भरून कापायचा, बळीच्या जागी. नारळाला शेंडी आणि डोळे आहेत म्हणून तो डोक्याच्या बदल्यात. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लिंबू-मिरचीबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईत पोरं दुकानोदुकानी ही माळ लावत फिरतात. एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या. आपल्याला ती झोंबरी म्हणून हत्यारासारखी वाटते. जुन्या बाया वेगळं सांगतात. लक्ष्मीची थोरली बहीण अक्काबाई, तिला आंबट-तिखट आवडतं. तिनं दारातच पोटभर खावं आणि आत न येता परत जावं, म्हणून ती माळ. म्हणजे ते हाकलणं नव्हे, तो पाहुणचार आहे. तिकाटण्यावर ठेवलेला दहीभाताचा उतारा तोच. एकाच मिरचीत हुसकावणं आणि जेवू घालणं दोन्ही आहे. विस्तवात टाकली तर पहिलं, दारात टांगली तर दुसरं. हे इतकं सुंदर असताना लिंबातलं क जीवनसत्त्व दोऱ्यावाटे हवेत पसरतं, असले संदेश फिरतात त्याचा मला राग येतो. क जीवनसत्त्वाची वाफ होत नाही. आपल्या आज्यांच्या रीतीला प्रयोगशाळेचं खोटं प्रमाणपत्र चिकटवणं हा त्यांचा अपमान आहे.

राग येण्यासारखं दुसरं आहे ते याहून फार वाईट. दुकानात काही माणसं येत, बाया नव्हेत, पुरुष, आणि हळू आवाजात हातजोडी मागत. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी मुळी, तिजोरीत ठेवली की पैसा येतो म्हणे. मामंजींनी ती कधी ठेवली नाही. म्हणायचे, ही कुठल्या झाडाची मुळी ते मला कुणी दाखवलेलं नाही. 2017 साली तपासातून बाहेर आलं की हातजोडी म्हणून विकली जाणारी वस्तू झाडाची नाहीच; ते घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. नर घोरपडी पकडून, मारून ते काढतात. वन्यजीव कायद्यानं घोरपडीला सर्वांत कडक संरक्षण आहे, आणि ती मुळी ऑनलाइन दुकानांतून राजरोस विकली जात होती.

आणि मिरचीची धुरी. चुलीपुढच्या मुठीतली मिरची पोराच्या अंगावरून उतरून विस्तवात जाते, पोराच्या तोंडाशी नाही. पण भूत काढतो म्हणून बाईला बांधून तिच्या नाकाखाली मिरच्यांचा धूर धरणारे मांत्रिक आपल्याच जिल्ह्याजिल्ह्यांत होते. आमच्या आळीत येणाऱ्या एका भाजीवालीच्या बहिणीला असं धरलं होतं. मूल होत नव्हतं हा तिचा गुन्हा. ती पुढं फार बोलत नसे, श्वासाचं दुखणं जन्माचं लागलं. आजींना हे कळलं तेव्हा त्या संतापल्या. "दृष्ट लेकराची काढायची का लेकराला जाळायचं?" असं त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या.

साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं राज्य पालथं घातलं, तो त्यांचा पुण्यात 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाल्यावर आधी अध्यादेश म्हणून आला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्यं दिली आहेत. पहिल्याच कलमात, भूत उतरवण्याच्या बहाण्यानं मारहाण करणं, दोरखंडानं बांधणं यांच्या ओळीत, मिरचीची धुरी देणं हे शब्द आहेत. कायद्याच्या पुस्तकात स्वयंपाकघरातली वस्तू अशी नाव घेऊन आलेली मी दुसरी पाहिली नाही. घरातल्या मीठ-मोहरीला त्या कायद्यानं हात लावलेला नाही. ती रेघ त्यानं बरोबर ओढली आहे असं मला वाटतं, आणि आमच्या आजींनाही तसंच वाटलं असतं.

अलीकडे दृष्टीचं सामान मागायला येतात त्या बहुतेक फ्लॅटमधल्या मुली. विस्तव नाही, चूल नाही. गॅसवर जुना तवा तापवून त्यावर मूठ टाकतात, पंखा लावून. शेजारी तक्रार करतात म्हणून मिरच्या एकदोनच, काही जणी मिरच्या वगळून कापूर आणि खडे मीठ नेतात. परवा एक जण आली, बाळ कडेवर, नोकरीवरून तशीच. तिला मी मोहरी, मीठ आणि बाहेरच्या झाडाचा कडुनिंबाचा डहाळा दिला. मिरचीच्या आधी हेच होतं, असं सांगितलं. बाळाला ताप आहे का विचारलं. होता. आधी डॉक्टरांकडे जा, मूठ संध्याकाळी उतरव, असं म्हणून पुडी बांधली.